हाताला यश

आमच्या हिचा हात हलायला लागला तेव्हा मी आधी चेष्टाच केली. सकाळी कपबशी किणकिणली, तर म्हटलं, "अगं, दारावरची घंटा वाजली का?" ती हसली नाही. बशी खाली ठेवून तिने स्वतःची बोटं नीट पाहिली, पेशंटची पाहावीत तशी, आणि म्हणाली, "कंपवात आहे. सुरुवात आहे." डॉक्टर माणसाला आजार लपवता येतो तो फक्त दुसऱ्यांपासून. स्वतःपासून लपवायची सोय नसते.

ही म्हणजे माधवी, आमच्या नाणे मावळातल्या या दवाखान्याची डॉक्टरीणबाई. मी तिचा नवरा. लोणावळ्याला स्टेशनमास्तर होतो. निवृत्त झाल्यापासून हिच्या दवाखान्यात दाराशी बसून नंबर पुकारतो. गाड्या सोडत होतो, आता पेशंट सोडतो. गावातले शेतकरी खालून येतात, डोंगरावरच्या ठाकरवाडीतली माणसं वरून उतरून येतात, आणि सगळे मला अजून मास्तरच म्हणतात.

खेड्यातल्या डॉक्टरचं अर्धं भांडवल म्हणजे त्याचा हात. आमच्याकडे औषधाला कोणी श्रेय देत नाही. "बाईंच्या हाताला गुण हाय," असं म्हणतात. तीच गोळी कामशेतच्या दुकानातून घेतली तर लागू पडत नाही, हिच्या हातून घेतली की उतार पडतो. ही पूर्वी त्यावर चिडायची. मग शहाणी झाली आणि त्या विश्वासाचाच औषधासारखा वापर करायला लागली.

हात हलायला लागल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला तो मंगलचा.

मंगल ठाकरवाडीतल्या बाया नावाच्या बाईची मोठी मुलगी, चौदा-पंधरा वर्षांची. लहानपणी तिचा घसा धरला, ताप आला, सांधे सुजले, आणि तो ताप जाताना तिच्या हृदयाची झडप खराब करून गेला. असा ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यायचं, तेही वर्षानुवर्षं. ते चुकलं तर ताप परत येणार, आणि ताप आला तर झडप टिकणार नाही. यात डॉक्टरकीचं गूढ काही नाही, मलाही कळतं. बायालाही कळत होतं. इतकी वर्षं तिने एक खेप चुकवली नव्हती.

पण ते इंजेक्शन कालवलेल्या चुन्यासारखं घट्ट. हात स्थिर नसेल तर सुईत अडकतं. एकदा हिच्या हातात तसंच झालं. सुई बदलली, पुन्हा टोचली, पुन्हा अडकलं. पोरगी किंचाळली, कमरेला गाठ आली, दोन दिवस तिला चालता आलं नाही. बायाने तिला पाठीवर घेऊन वर नेलं. पण पुढच्या खेपेला ती दारातच बसून राहिली, आत येईना. शेवटी मला म्हणाली, "मास्तर, बाईंचा हात आता गेला, व्हय ना?"

मी म्हटलं, "सुई मोडली होती गं." खोटं बोललो. ते तिलाही कळलं.

याच सुमारास पुण्याच्या एका मेडिकल कॉलेजने शिकाऊ डॉक्टर तीन-तीन महिने खेड्यातल्या दवाखान्यांत पाठवायचं ठरवलं. हिला हर्ष झाला. "त्यातला एखादा तरी राहील हो," म्हणाली. मी उभा जन्म रेल्वेत काढलेला माणूस. मी म्हटलं, "क्रॉसिंगला गाडी थांबली की प्रवासी खाली उतरतात, चहा पितात, हवा काय छान आहे म्हणतात. म्हणून तिथं घर बांधत नाहीत." त्यावर तिने दोन दिवस माझ्या चहात साखर घातली नाही.

पहिला आला तो सत्यम. उंच, चष्मेवाला, पाठीवर लॅपटॉपची पिशवी. त्याच्यासमोर कोणी बसेचना. भिमाजीआबा तर तोंडावर म्हणाले, "शिकाऊ हाय व्हय? मग शिकून झाल्यावर बघू." पोराचं तोंड एवढंसं झालं.

मग हिने आपली युक्ती काढली. जे आपोआप बरं होणार, किंवा हात लावताच बरं होणार, ते सगळं सत्यमकडे. सर्दी सत्यमकडे, काटा रुतलेला पाय सत्यमकडे. भिमाजीआबांच्या कानात किडा गेला तेव्हा ही बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आबा, माझ्याकडे नको, सत्यमकडे जा. त्याच्या हाताला यश आहे." सत्यमने कानात तेल सोडलं, पाण्याची पिचकारी मारली, किडा बाहेर आला. आबांनी तो किडा कागदात बांधून गावभर दाखवला. किडा केव्हाच मेला असणार, पण यश सत्यमचं झालं.

आठवडाभरात रांग त्याच्या टेबलापुढे. ही कोपऱ्यात बसून बघायची आणि हलता हात पदराखाली धरून मनात हसायची. शिकवण्याची ही तिची पद्धत. "औषधं पुस्तकात असतात," म्हणायची, "विश्वास आधी कोणीतरी उसना द्यावा लागतो."

बायालाही तिने असंच तयार केलं. "बाया, ह्या पोराचा हात बघ. माझ्यापेक्षा सरस." बाया पोरीला घेऊन आत आली. औषध सुईतून सहज उतरावं म्हणून सत्यमने बाटली मुठीत धरून ऊब आणली. मंगलला विचारलं, "तुमच्या शेळ्या किती? नावं सांग बघू सगळ्यांची."

मंगल भिंतीकडे तोंड करून सांगायला लागली. "चंद्री. मोरी. बांडी. खैरी..." सत्यम हळूहळू औषध सोडत राहिला. "अजून? एक राहिली ना?" म्हणाला. "व्हय, लंगडी राहिली," मंगल म्हणाली, आणि तोवर सुई बाहेर आली होती. पोरगी उठून बसली, इकडेतिकडे पाहून म्हणाली, "झालं?"

बायाने सत्यमचा उजवा हात धरला, उलटा केला, सुलटा केला, आणि कपाळाला लावला. पोरगा लाजून लाल झाला. मला बरं वाटलं, आणि थोडी काळजीही वाटली. पण काळजीचं ऐकतो कोण.

तीन महिने संपले. सत्यम जायला निघाला तेव्हा अर्धं गाव जमलं. कोणी तांदूळ आणले, कोणी करवंदं. बाया म्हणाली, "आता सुईचं कसं?" तो म्हणाला, "मावशी, मी येत जाईन ना. पुणं काय लांब आहे?" त्याच्या मनात कपट नव्हतं. त्या वयात माणूस जे बोलतो ते बोलताना त्याला खरंच वाटत असतं.

कॉलेजच्या परीक्षा आल्या आणि पुढचा शिकाऊ काही आला नाही. सत्यम एकदाही आला नाही. मंगलची खेप चुकली. पुढचीही चुकली. ही मला घेऊन वाडीवर गेली. चढ तिला झेपत नव्हता, दर वळणावर बसत होती. बाया अंगणात नाचणी पाखडत होती. तिने आम्हाला बसायला गोणपाट टाकलं, कोरा चहा दिला, पण सुई सत्यमच्याच हातची हा हट्ट सोडला नाही.

"बाई, तुमीच म्हनला न्हवं, त्याचा हात तुमच्यापरास सरस हाय म्हून? मग आता का बदलताय?"

"अगं, औषध तेच आहे बाया."

"औषध त्येच हाय. पर मागल्या बारीला गाठ आलती, त्याच्या हातानं न्हाई आली. पोरीला इचारा."

मंगल दाराआड उभी होती. तिनेही मान हलवली. जे नाणं आपणच पाडलं ते खोटं कसं म्हणायचं? हिने गोळ्या दिल्या. रोज दोन वेळा घ्यायच्या, विसरायचं नाही. पण रोपं टाकायचे, मग लावणीचे दिवस. सगळं घर चिखलात. आणि गोळीवर बायाचा विश्वासही नव्हता. सुई ती सुई.

पावसाळ्यात दुसरी शिकाऊ आली. प्रेरणा. कमी बोलणारी, कामाला चोख. हात इतका हलका की तान्ही पोरं टोचल्यावर क्षणभर रडायची विसरत. पण ही आता "हिच्या हाताला यश आहे" म्हणेना. एकदा सांगून बसलेली, जीभ भाजलेली. मी म्हटलं, "अगं, म्हण की एकदा." ती म्हणाली, "आणि मग ही पण जाईल."

शेवटी हिने सत्यमला फोन केला. गोडीत नाही, रागात. "एक दिवस ये. तुझ्या हाताने मंगलचा हात प्रेरणाच्या हातात दे. तू समोर उभा राहून सांग, की ही माझ्यासारखीच आहे. मग तुझी सुटका." तो लगेच म्हणाला, "मॅडम, रविवारी येतो."

निरोप वाडीवर गेला. रविवारी दवाखाना उघडायच्या आधी मायलेकी येऊन बसल्या होत्या. मंगलने न्हाऊन तेल लावून घट्ट वेणी घातली होती, अंगात सणाचा फ्रॉक. जरा धाप लागत होती तिला. ही आतून तिच्याकडे सारखी बघत होती.

आता पावसाळ्यातला रविवार म्हणजे आमच्याकडे काय असतो ते मुंबई-पुणेकरांना सांगायला नको. भिजायला निघालेली सगळी दुनिया गाड्या घेऊन लोणावळ्याच्या रस्त्यावर. दुपारी सत्यमचा फोन आला. "सर, सोमाटणे फाट्यावर अडकलोय. गाड्या हलतच नाहीत."

मी म्हटलं, "गाडी तिथंच सोड. तळेगावला जा, लोकल धर, कामशेतला उतर. मी न्यायला येतो."

"पण सर, गाडी कुठे लावू?"

त्या क्षणी मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. गाडी कुठे लावू! म्हटलं, "खड्ड्यात लाव." त्याने फोन ठेवला. पुढच्या फोनला म्हणाला, "सर, मी मागे फिरलो. उद्या ड्यूटी आहे. पुढच्या रविवारी नक्की."

मग त्याने व्हिडिओ कॉल केला, बायाला समजवायला. मी मोबाईल तिच्यासमोर धरला. तो बिचारा पडद्यातून हात जोडून सांगत होता, "मावशी, प्रेरणाकडून घ्या. ती माझ्यापेक्षा हुशार आहे. तुम्हाला माझी शपथ." बायाने त्याच्याकडे मायेने पाहिलं. "बारीक झालास," म्हणाली. आणि मला म्हणाली, "मास्तर, फोनातनं तोंड दिसतंय. हात कुटं येतोय?"

प्रेरणा पुढे झाली. तिने मंगलचा हात धरला. "मंगल, मी देऊ का? अगदी हळू देते." मंगलने आईकडे पाहिलं. बाया म्हणाली, "डाक्टरीण, राग नगं धरू. तुजा हात नवा हाय. एवढे दिस थांबलोय, अजून आठ दिस थांबू." तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. तिच्या लेखी ती पोरीला जपत होती. पोरीसाठी सगळ्यात चांगलं ते, आणि त्यासाठी वाट बघायची तयारी. आईपण दुसरं काय असतं? मला तिचा राग आला आणि रागवायला जागाही सापडेना.

दोघी उतरत्या उन्हात छत्री मिटून वर गेल्या. मंगलच्या वेणीतली अबोलीची फुलं बाकावर पडली होती, ती हिने उचलली आणि टाकून द्यायच्या ऐवजी टेबलावर ठेवली.

पुढचा रविवार यायच्या आत मंगलचा घसा धरला.

बायाला वाटलं पावसाची सर्दी. तिने काढा दिला. मग गुडघे सुजले, मग घोटे. मग पोरीला आडवं झोपवेना, भिंतीला टेकून बसून श्वास घ्यायला लागली. तेव्हा वाडीतल्या माणसांनी तिला खुर्चीत बांधून खाली आणली. प्रेरणाने तपासलं आणि हिच्याकडे पाहिलं. हिने स्वतःच ॲम्ब्युलन्सला फोन लावला. आकडे दाबताना बोट तीनदा चुकलं.

ॲम्ब्युलन्समध्ये प्रेरणा, बाया आणि मी. ही मागे राहिली, दवाखाना भरला होता. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. स्ट्रेचर आत गेलं, आणि समोरून पांढऱ्या कोटात सत्यम आला. त्याची तिथंच ड्यूटी होती.

बायाचं तोंड असं उजळलं, की मला तिकडे बघवेना. "आलास न्हवं!" ती म्हणाली. "बघ मंगे, कोन आलंय. आलाय बघ त्यो." आणि पदराच्या गाठीतून तिने एक बाटली काढली. पेनिसिलिनची. रविवारी हिने टेबलावर काढून ठेवली होती, ती बाया जाताना घेऊन गेली होती, त्याच्या हाताने द्यायची म्हणून. "दे बाबा. आता दे सुई."

सत्यमने बाटली घेतली. मुठीत आवळून धरली. मोठे डॉक्टर आले, ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं, भराभर इंग्रजीत बोलले. त्या बाटलीचा आता उपयोग नव्हता, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं, एका बायाला सोडून. शिरेत सुई घालायला सत्यम पुढे झाला, तर त्याचा हात हलत होता. अगदी आमच्या हिच्यासारखा. प्रेरणाने त्याच्या हातातून सुई काढून घेतली आणि घातली. बायाने अडवलं नाही. तिचं लक्ष फक्त सत्यमच्या तोंडाकडे होतं.

मंगलने डोळे उघडले तेव्हा त्याने वाकून विचारलं, "मंगल, शेळ्यांची नावं सांग ना."

"चंद्री," ती म्हणाली. मग दम घेतला. "मोरी." मग पुन्हा दम घेतला. तिसरं नाव यायची आम्ही सगळे वाट बघत राहिलो.

दिवस मावळायच्या आत गेली.

सत्यम भिंतीपाशी उकिडवा बसला आणि लहान पोरासारखा रडला. त्याला मारावं असं मला जे वाटलं होतं, ते सगळं ओसरलं. बाया त्याच्याजवळ गेली. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुजा हात चांगलाच हाय रं," म्हणाली. "त्यो हितं पुन्याला व्हता, आन् आमी तितं." एवढंच बोलली. मग पोरीपाशी जाऊन बसली.

त्यानंतर एकदा जेवताना ही घास खाली ठेवून म्हणाली, "विश्वास उसना देता येतो असं मला वाटायचं. देता येतो. पण तो घेऊन माणूस निघून जातो, हे मी धरलंच नव्हतं." मी म्हटलं, "तू नसतंस केलं तर त्या पोरांकडे कुत्रं फिरकलं नसतं." ते खरं होतं. खरं बोलून कोणाचं दुःख कमी होत नाही, हेही खरं.

सत्यमचा फोन येतो. त्याला आता बाहेरगावी पुढच्या शिक्षणासाठी जागा मिळाली आहे. ही त्याच्याशी बोलते, जेवणखाण विचारते, अभ्यास कर म्हणते. ये म्हणत नाही.

परवा बाया आली. मंगल गेल्यावर पहिल्यांदाच. बरोबर धाकटा उमेश. मी नंबर न पुकारताच तिला आत सोडलं, कोणी तक्रार केली नाही. उमेशचा घसा धरला होता, अंगात ताप होता.

प्रेरणाने घसा पाहिला, मानेच्या गाठी चाचपल्या. "मावशी, ह्याला आजच इंजेक्शन देऊन टाकू," म्हणाली. "वेळ नको घालवायला."

बायाने तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारणार, हिच्या हाताला गुण हाय का म्हणून. आमच्या हिलाही तेच वाटलं असणार, कारण तिने मान खाली घातली. पण बायाने ते विचारलं नाही. ती म्हणाली, "बाई, ही डाक्टरीण किती दिस हाय हितं?"

प्रेरणा गोरीमोरी झाली. ही म्हणाली, "शनिवारपर्यंत."

बायाने मान हलवली. उमेशला दंडाला धरून तिने प्रेरणाच्या टेबलापासून उठवला आणि हिच्यासमोर आणून बसवला.

"मग तुमीच द्या."

"बाया, माझा हात..."

"हलतोय. म्हाईत हाय मला." बायाने हिचा तो हात दोन्ही हातांत धरला. तिच्या हातांतही तो हलतच राहिला. "हलू द्या. हितंच हाय न्हवं त्यो? तेवढं बास झालं."

हिने आधी उमेशच्या हातावर इवलीशी चाचणीची सुई दिली, थांबायचं तेवढी थांबली. मग बाटली घेतली आणि मुठीत धरून ऊब आणायला लागली. प्रेरणा मागे येऊन उभी राहिली आणि तिने हिच्या कोपराला आपल्या तळव्याचा टेकू दिला. ही थरथरत सुई भरत होती. उमेश सुईकडे बघून मुसमुसायला लागला. तेव्हा बायाने त्याचं तोंड भिंतीकडे वळवलं.

"तकडं बघ," ती म्हणाली. "शेळ्यांची नावं सांग."

मी पुढचा नंबर पुकारायला म्हणून बाहेर आलो. बाकावर माणसं बसली होती, माझ्याकडे बघत होती. इतकी वर्षं कुठली गाडी कधी सोडायची हे मी कधी विसरलो नव्हतो. पण आता कितवा नंबर पुकारायचा तेच आठवेना, आणि आतून उमेशचा आवाज येत होता, एकेक नाव घेत.